खोली नंबर तीनचा निरोप

माझा मोबाइल कायम मुका असतो. नुसता थरथरतो, तोही पिशवीत, रुमालाच्या घडीखाली. फोनची घंटा मला सोसत नाही हे माझ्या ओळखीच्या सगळ्यांना माहीत आहे आणि सगळ्यांचं त्यावर हसूनही झालं आहे. मी शाळेच्या ऑफिसात काम करते. तिथला फोन वाजला की शिपाईमावशी माझ्याकडे न बघताच उचलतात. शाळेची घंटा मात्र आवडते, कारण तिच्या मागून कुणी बोलत नाही.

म्हणून कदमकाकांचे सहा फोन येऊन गेले होते, ते मला शाळा सुटल्यावर कळलं. कदमकाका म्हणजे बाबांचे शिवडीच्या कोल्ड स्टोरेजमधले जुने सोबती. आता सत्तरीला आले, पण बोलणं तसंच तडकाफडकी.

"अगं पोरी, आहेस कुठे? कोल्ड स्टोरेज पाडतायत. भंगारवाला आत फिरतोय. तुझ्या बापाचा डबा अजून भिंतीवर आहे. घेऊन जातेस की जाऊ दे भंगारात?"

मी जिन्यातच बसले. त्या डब्यात बाबांचा आवाज आहे. आत्ताचा नव्हे. आत्ता बाबा बोलतात ते पत्र्यावर कागद घासल्यासारखं ऐकू येतं, तेही शेजारी बसलं तर. त्या डब्यात त्यांचा पहिला आवाज आहे, भरदार, जरासा नाकातला, दुसऱ्या मजल्यावरून नाक्यावरच्या माणसाला हाक मारणारा. आमच्याकडे लग्नामुंजीच्या कॅसेटी नाहीत, कशाचंच रेकॉर्डिंग नाही. तो आवाज जगात एकाच ठिकाणी उरला आहे. आणि तो ज्या दिवशी गेला, त्या दिवसाबद्दल एक गोष्ट मी पंचवीस वर्षं कुणालाही सांगितलेली नाही, आईला नाही, बाबांना तर नाहीच.

"काका, येते," मी म्हणाले.

आम्ही तेव्हा लालबागला राहायचो, चाळीत, दुसऱ्या मजल्यावर. बाबा मे महिन्यात स्वेटर घेऊन कामाला जायचे. उकाड्याने सगळी चाळ गॅलरीत येऊन पदराने, वर्तमानपत्राने वारा घेत असायची आणि बाबा काखेत मरून रंगाचा जाडजूड स्वेटर मारून जिना उतरायचे. "काय हो, काश्मीर का आज?" असं रोज कुणी ना कुणी विचारायचंच. बाबा रोज नव्याने हसायचे.

तो स्वेटर घरी यायचा तेव्हा गार असायचा. निदान मला तसं वाटायचं. शिवडीहून लालबागपर्यंत दुपारच्या उन्हातून आलेला स्वेटर गार कसा राहील? पण मी त्यात तोंड खुपसायचे आणि गाल थंड व्हायचे. "वळख बघूया," बाबा म्हणायचे. हा आमचा खेळ होता. कोल्ड स्टोरेजला तीन खोल्या. एक नंबरात सफरचंद आणि खजूर. दोन नंबरात चिंच आणि सुकी मिरची. आमच्याच गल्लीतल्या मसालेवाल्यांची पोती तिथे ठेवायला जायची आणि बाबांच्या अंगावरून वासाच्या रूपाने परत यायची. तीन नंबर सगळ्यात थंड. तिथे कोळंबी आणि सुरमई, दगडासारखी. स्वेटर हुंगून मी सांगायचे, "आज दोन नंबर जास्त." बाबा मान डोलवायचे. रमजानच्या आधी खजुराचा वास वाढायचा, पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की तीन नंबरचा कमी व्हायचा. मला ऋतू शाळेत कुणी शिकवले नाहीत, ते स्वेटरनेच शिकवले.

सगळ्या वासांच्या तळाला आणखी एक वास असायचा. नाकात सुई टोचावी तसा. तो अमोनियाचा. खोल्या गार करणारा गॅस. "ह्यो वास ओळखीचो आसा तवर बरो," बाबा म्हणायचे.

मग डबा आला. मालकांनी दुपारची पाळी बंद केली. बाबा पहाटे पाचला जायचे आणि एकला सुटायचे. कदमकाका संध्याकाळी पाचला यायचे. मधले चार तास मशिनांपाशी कुणीच नाही, फक्त गेटवर वॉचमन. त्या चार तासांसाठी मशिनरूमच्या भिंतीवर एक डबा बसवला. बसवायला आलेला इंजिनियर त्याला व्हॉइस मोडेम, डेटा लॉगर असं बरंच काही म्हणाला. बाबा आणि कदमकाका डबाच म्हणायचे. तिन्ही खोल्यांतून त्याला वायरी आल्या होत्या. दर दहा मिनिटांनी तो तापमान मोजायचा आणि कंडक्टरच्या तिकिटाएवढ्या अरुंद कागदावर जांभळ्या शाईने छापायचा; फोन कधी उचलला, नऊ कधी दाबला, तेही. तापमान वाढलं की आपण होऊन फोन लावायचा आणि बोलायचा. पहिला फोन आमच्या घरी. ऐकणाऱ्याने नऊ दाबला की निरोप पोचला असं तो धरून चालायचा आणि गप्प व्हायचा. कुणी नऊ दाबलाच नाही, तर कदमकाकांच्या चिंचपोकळीच्या घरी लावायचा.

आणि तो बोलायचा बाबांच्या आवाजात. निरोप भरायला मालकांनी बाबांनाच बसवलं होतं, आवाज खणखणीत म्हणून. घरचा निरोप वेगळा, काकांचा वेगळा.

बाबांना त्या डब्याचं भारी कौतुक. दुपारची झोप झाली, चहा झाला की बरोबर चार वाजता ते स्वतः तिकडे फोन लावायचे. आपण फोन केला तरी तो बोलायचा. खोली एक, अधिक अमुक, खोली तीन, उणे तमुक. आई हॉस्पिटलात आया होती, परळला. तिची सुट्टी असली की ती हसायची. "स्वतःलाच फोन करून स्वतःची खुशाली विचारणारा माणूस मी पहिल्यांदा बघते."

मला हसू आलं नाही. मला त्या डब्याची भीती पहिल्या दिवसापासून बसली.

तो दिवस असा. माझी सकाळची शाळा, नऊ वर्षांची होते. दुपारी घरात मी आणि झोपलेले बाबा. खाली कुठेतरी डंकावर मिरची कुटली जात होती, तिचा ठसका हवेत. फोन वाजला. मी उचलला.

"नमस्कार. शिवडी कोल्ड स्टोरेजमधून बोलतोय," बाबा म्हणाले. "खोली नंबर तीन. तापमान वाढलं आहे."

मी वळून पाहिलं. बाबा समोर चटईवर झोपले होते. तोंड अर्धवट उघडं होतं, पण ओठ हलत नव्हते.

रिसीव्हर माझ्या हातून सुटला आणि वायरीला लोंबकळत भिंतीवर आपटू लागला. त्यातून बाबा बोलतच होते. मी बाबांच्या पायाचा अंगठा धरून ओढला. त्यांना उठवायची माझी तीच पद्धत होती. हाक मारली की ते नुसते हं म्हणायचे आणि कूस बदलायचे, अंगठा ओढला की सरळ उठून बसायचे. ते उठले, रिसीव्हर कानाला लावला आणि शांतपणे ऐकत राहिले. अगदी शेवटपर्यंत. शेवटी माझ्याकडे बघून त्यांनी उगाच मान हलवली, मग नऊ दाबला, मग वॉचमनला फोन केला.

"दार उघडा रवला. ट्रक लागलो हा. काय नाय," त्यांनी सांगितलं. मला जवळ घेतलं. "तो मी नाय गो. माझी टेप ती. परत फोन इलो तर पुरो ऐक. मगे माका उठव."

पुरतं ऐकणं मला कधीच जमलं नाही. "नमस्कार" आलं की मी रिसीव्हर फेकायचे आणि अंगठा ओढायचे. ट्रक लागला की दार उघडं राहायचं, त्यामुळे फोन आठवड्यातून एखादा तरी यायचा. दर वेळी बाबा शेवटपर्यंत ऐकायचे आणि माझ्याकडे बघून मान हलवायचे.

टेप म्हणजे काय, हे मला कळत नव्हतं असं नाही. आमच्याकडे टेपरेकॉर्डर होता. पण दुपारी एकटीने भीती वाटायला लागली की कळलेलं सगळं कुठल्या कुठे जायचं. मी हळूहळू मनाशी पक्कं केलं होतं की बाबा झोपले की बाहेर पडतात. चटईवर राहतं ते नुसतं अंग. खरे बाबा तिकडे, खोली नंबर तीनमध्ये, सुरमयांच्या रांगांमध्ये उभे असतात, दार बाहेरून लागलेलं असतं आणि तिथून ते घरी फोन करतात. मी झोपलेल्या बाबांच्या नाकाखाली बोट धरून बघायचे. श्वास गार लागला की मी त्यांच्या अंगावर चादर ओढायचे.

एकदा मात्र मी अंगठा ओढला नाही. दोन रात्री चाळीत कुणाचं तरी आजारपण, हॉस्पिटलच्या खेपा, म्हणून बाबा जागलेले होते. चेहरा पार उतरला होता. फोन वाजला. "नमस्कार" ऐकलं आणि मी, बाबा दाबायचे तसा, नऊ दाबला. आवाज तिथल्या तिथे तुटला. आणि त्याच क्षणी मागे चटईवर बाबांनी लांब श्वास सोडला आणि कूस बदलली.

झालं. मला हवं ते मिळालं. नऊ दाबला की बाबा तिकडून सुटतात आणि आपल्या अंगात परत येतात. त्या दिवशीही दारच उघडं राहिलं होतं, त्यामुळे काही बिघडलं नाही. चार वाजता बाबांनी फोन लावला, डब्याने उणे अठरा सांगितलं आणि बाबांनी चहा संपवला. केवढी गुप्त शक्ती आपल्या बोटात आली आहे, असं वाटून मी दिवसभर ते बोट मुठीत धरून फिरत होते.

दुसऱ्यांदा दाबला तो दिवस शिमग्यानंतरचा. गॅलरीच्या कठड्याला रंगाचे डाग होते अजून. अडीचच्या सुमाराला फोन आला. बाबा गाढ झोपले होते, घोरतही नव्हते. मी धावत जाऊन उचलला. "नमस्कार. शिवडी…" एवढं ऐकलं आणि नऊ दाबला. इतक्या घाईने की बोटाचं नख दुखलं. मग बाबांच्या उशाशी बसून राहिले, ते परत आले का बघत. ते परत आले होते. श्वास चालू होता. मी खूश होते. मी फार खूश होते.

चार वाजता बाबांनी चहाचा कप हातात घेऊन फोन लावला. मी समोरच होते. त्यांचा चेहरा कसा बदलत गेला ते मला अजून दिसतं. कप त्यांनी खाली ठेवला की पडला ते आठवत नाही, जमिनीवर चहा होता एवढं आठवतं. कदमकाकांकडे फोन केला. काकी म्हणाल्या, ते आज लवकर निघाले. बाबा बनियनवरच निघाले. स्वेटर खुंटीवर राहिला.

पुढचं मी पाहिलेलं नाही. मशिनरूममध्ये अमोनियाची नळी फुटली होती. कदमकाका आत शिरले होते आणि बाहेर आले नव्हते. वॉचमन गेटवर ओरडत होता. बाबा तोंडाला ओला पंचा लावून आत गेले आणि काकांना खांद्याखाली धरून ओढत घेऊन आले. दोघांना एकाच हॉस्पिटलात ठेवलं, आईच्या वॉर्डच्या वरच्या मजल्यावर. काका आठ दिवसांत हिंडूफिरू लागले. बाबांचे डोळे बरे झाले, छाती बरी झाली. गळा झाला नाही.

हॉस्पिटलात मला नेलं तेव्हा बाबांच्या अंगाला तो सुईसारखा वास येत होता. मी त्यांना हुंगलं आणि ओळखेना, आज कुठली खोली. त्यांनी मला काहीतरी म्हटलं. ओठ हलले, आवाज आला नाही. उलटंच झालं होतं सगळं. मी किंचाळले आणि आईने मला बाहेर नेलं.

नंतर मालकांची माणसं घरी आली. काकांच्या घरी फोन गेलाच नव्हता, म्हणजे आमच्या घरून कुणीतरी नऊ दाबला होता. दाबला कुणी? मी आईच्या साडीमागे उभी होते. बाबांनी पाटीवर लिहिलं, "मीच. झोपेत." ती माझीच पाटी होती, तिच्या कोपऱ्यात माझी बेरीज पुसायची राहिली होती.

त्यांना गेटवर वजनकाट्यापाशी बसवलं. दुपारची पाळी परत सुरू झाली. डब्याची वायर काढून टाकली आणि तो भिंतीवर तसाच राहिला. स्वेटर मात्र बाबांनी परत कधी घातला नाही, आणि त्याचे वास एकेक करून गेले. आधी सफरचंद, मग चिंच, मिरची सगळ्यात शेवटी.

मला भीती कशाची वाटत होती? मार बसेल याची नाही, बाबांनी मला कधी मारलं नाही. माझी भीती वेगळी होती. बाबांना खरंच वाटत असेल की झोपेत आपणच दाबला, तर? आपल्या हातून कदम मरणार होता, असं मनात धरून हा माणूस रोज जेवतो, रोज वजनकाट्यावर बसतो, तर? आणि मी सांगितलं तर त्या पाटीवर दोन अक्षरं लिहिणाऱ्या हाताचं काय होईल? दर वर्षी वाटायचं, यंदा सांगू. आई गेली तेव्हाही वाटलं. चाळ पाडायला काढली, आम्ही नायगावला भाड्याच्या घरात आलो, तेव्हा सामान बांधताना स्वेटर हाती आला, तेव्हाही. दर वेळी मी दुसरंच काहीतरी बोलले.

शिवडीला मी तो स्वेटर घेऊन गेले, डबा गुंडाळायला. गेटचा पत्रा निघाला होता. वजनकाटा नेलेला, त्याच्या खड्ड्यात पाणी. आत दिवसाउजेडी अंधार, भिंतींचं बुचाचं अस्तर लोकांनी ओरबाडून काढलेलं. कसलाच वास नव्हता. इतक्या वर्षांच्या माशांचा, मिरच्यांचा, काहीच नाही, फक्त ओल. तीन नंबरचं दार उघडं होतं. तिथून जाताना मी काकांचा सदरा धरला. पस्तीस वर्षांची बाई.

"घाबरतेस काय? आत काय नाय आता," काका म्हणाले. पण त्यांनीही त्या दारात पाय ठेवला नाही.

डबा होता तिथेच होता. मला वाटलं होतं त्याहून कितीतरी लहान, जेवणाच्या डब्याएवढा. काकांनी स्क्रू काढता काढता सांगितलं, "आवाज चिपवर आहे, वीज नसली तरी राहतो म्हणतात. पण हे लाल बटण बघ. भरायचं बटण. हे चुकून दाबलंस की जुनं सगळं पुसलं. हात लावू नकोस." मग हसले. "तुझा बाप तेव्हा बसला होता बघ भरत. माझा निरोप माझ्यासमोर भरला, एका फटक्यात. घरचा भरायचा म्हटल्यावर मला बाहेर काढलान आणि दार लावून घेतलंन. अर्धा तास! बायकोला काय लाडीगोडी लावत होता देव जाणे."

मी लाल बटणावर जाड पुठ्ठ्याचा तुकडा चिकटपट्टीने बसवला आणि स्वेटरमध्ये डबा गुंडाळून, पोटाशी धरून टॅक्सीने आले. प्रत्येक खड्ड्याला वाटत होतं, पुसला.

आमच्याकडे आता लँडलाइन नाही. कुणाकडेच नाही. दादरला एक जुने फोन दुरुस्त करणारे गृहस्थ आहेत, त्यांनी इंटरकॉमचा छोटा संच जोडून दिला. डब्याने कुठलाही नंबर फिरवला तरी आमच्या घरच्या फोनवरच वाजेल अशी जुळणी केली. फोनही त्यांनीच दिला, बटणांचा, जुना. "तो अजून सात आकडी नंबर लावतोय हो," ते हसून म्हणाले. "आणि बाई, तापमान मोजायची वायर खोलीत मोकळी राहिली तरी तो लगेच बोंब मारणार बघा. त्याला उणे अठरा पाहिजे." त्याच्या हिशेबाने आमचं घर म्हणजे बिघडलेली खोली होती.

त्यांनी ऐकून बघू का विचारलं. मी नको म्हटलं. परक्याच्या दुकानात नको.

रविवारी दुपारी बाबा जेवून पलंगावर आडवे झाले होते. झोपले नव्हते, पंख्याकडे बघत होते. मी टेबलावर डबा ठेवला. त्यांनी पाहिला आणि उठून बसले. स्वेटर ओढून घेतला आणि मांडीवर ठेवला.

"बाबा, लावू?"

त्यांनी मान हलवली.

मी वायर खोचली. एक हिरवा दिवा लागला, मग लाल. आत काहीतरी खरखरलं आणि थांबलं. पुसलंय, मला वाटलं, गेलं सगळं. आणि फोन वाजला. ती खरी घंटा, धातूची. मी नऊ वर्षांची झाले. माझा हात पुढे होईना. चार वेळा वाजला. बाबांनीच रिसीव्हर उचलला आणि माझ्या कानाला लावला.

"नमस्कार. शिवडी कोल्ड स्टोरेजमधून बोलतोय."

भरदार, जरासा नाकातला. समोर बाबा बसलेले, पांढरी दाढी वाढलेली, ओठ मिटलेले. माझं बोट आपोआप नऊवर गेलं. खरंच गेलं, इतक्या वर्षांनी. बाबांनी माझं मनगट धरलं.

तेव्हा माझ्या तोंडून ते निघालं. "बाबा, त्या दिवशी मी दाबला. तुम्ही नाही. तुम्ही झोपला होतात. मी दाबला होता."

कानात आवाज चालू होता आणि मला तो ऐकू येत नव्हता. बाबांनी मनगट सोडलं नाही. मग कागद घासल्यासारखा तो आवाज आला. "माका म्हायत हा."

"कधीपासून?"

"तेवाच. कागदार छापलेला होता. फोन उचलल्यावर चार सेकंदांत नऊ." त्यांना श्वास घ्यायला थांबावं लागलं. "माझो निरोप वीस सेकंदांचो. मी पुरो ऐकल्याशिवाय कधी दाबूक नाय. मालकाची माणसा येवच्या आधी कदमाक सांगून तो तुकडो मी फाडून मागवलंय."

म्हणजे कदमकाकांनाही. मी त्यांचा सदरा धरून चालत होते तेव्हाही. मला रडू फुटलं, आणि लाज वाटली, आणि भीती मात्र अजून गेली नव्हती. रिसीव्हरमध्ये शांतता पसरली होती. मला वाटलं, संपलं. खट आवाज झाला आणि निरोप पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. कुणी नऊ दाबला नव्हता.

"आज तरी पुरो ऐक," बाबा म्हणाले.

"नमस्कार. शिवडी कोल्ड स्टोरेजमधून बोलतोय. खोली नंबर तीन. तापमान वाढलं आहे. ताबडतोब यावं. निरोप मिळाला असल्यास नऊ दाबा."

एवढंच असेल असं मला वाटायचं. मी तिथपर्यंतही कधी पोचले नव्हते. पण त्यानंतर थोडी खरखर आली, आणि मग तोच आवाज, पण ऑफिसातला नव्हे, घरातला, खाली आणलेला, कुणी ऐकू नये म्हणून दार लावून घेतलेल्या माणसाचा.

"घाबरू नको गो बाय. मी हयच आसय. माका उठव."

खट झालं. पुन्हा "नमस्कार" सुरू झालं.

मी नऊ दाबला नाही. रिसीव्हर कानाला तसाच धरून वाकले, पलंगावरून खाली सोडलेल्या बाबांच्या पायाचा अंगठा धरला आणि ओढला.

"उठलंय गो," बाबा म्हणाले.